अजून एक लाइट

मंगळवारी रात्री मला झोप लागली नाही ती एका फळीपायी.

एक मीटर साठ बाय नव्वद सेंटिमीटर. ती आमच्या तळघराच्या दारातून निघेल का, आणि निघालीच तर जिन्यात वळेल का, हे मी पडल्या पडल्या हातांनी हवेत मोजून बघत होते. गुरुवारी सकाळी श्पेरम्युलची, म्हणजे जुनं मोठं सामान उचलून नेणारी गाडी येणार होती. महिनाअखेरीस घर सोडायचं होतं, आणि न्युरेम्बर्गमध्ये घर सोडताना तळघरसुद्धा झाडून लख्ख करून द्यावं लागतं. त्या फळीवर अख्खं शेत होतं. आत नेताना तिचे चार तुकडे होते, उज्ज्वलने ते आतच जोडले, डकवले, वर माती पसरली. दुधाचा टँकर गोठ्यासमोर वळेल की नाही, हे ठरवायला त्याने कागदाचा टँकर कापून तीन रविवार घालवले होते. फळी दारात वळेल का, हे मात्र इंजिनिअरसाहेबांना सुचलं नाही.

हे मी हसून सांगतेय खरी. पण ही वरवरची काळजी. वरवरच्या काळज्या बऱ्या असतात, त्यांना मापं असतात. तिच्याखाली जी होती तिला माप नव्हतं, आणि ती ऑगस्टपासून माझ्या उशाशी होती.

क्रमाने सांगते.

उज्ज्वल माझा नवरा. अमरावतीकडचा. त्याच्या घरात सात पिढ्यांत कुणाच्या नावावर सातबारा नव्हता. आजी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेली. हा शिकला, इथे आला, आठवडाभर एका कंपनीत टर्बाइनचे भाग तपासायचा आणि रविवारी तळघरात शेती करायचा. एकास सत्त्याऐंशी या मापाची शेती. त्या मापात माणूस दोन सेंटिमीटरचा होतो आणि गाय शेंगदाण्याएवढी. आमची मुलगी मैत्री तेव्हा सहा वर्षांची. तिच्याच नावाने शेताच्या फाटकावर पाटी होती, ‘मैत्री होफ’, म्हणजे मैत्रीचा मळा.

पण खेळ म्हणायची सोय नव्हती. चाळीस दुभत्या गाई, मग त्यांना पुरेल इतका मका, इतकं गवत. शेणाची टाकी कुठे? घराकडे वारा येत नाही त्या बाजूला. पाहुणे आले की मी मुद्दाम विचारायचे, “आज काय पेरलंत, पाटील?” तो गंभीरपणे सांगायचा. बाहेर जे चालेल तेच आत चालायचं. मे महिन्यात सायकलवरून आम्ही गावाबाहेर जायचो, तिथे गवत कापलेलं दिसलं की त्याच संध्याकाळी आमच्या तळघरातही कापणी.

आणि एक नियम होता. रिकामं माणूस शेतात उभं करायचं नाही. बाबा, म्हणजे तो स्वतः, ट्रॅक्टरवर. मैत्री वासरांना दूध पाजायला. अंगणात बारा जणांचं लांब जेवणाचं टेबल मांडलेलं, ते मात्र रिकामं.

“हे कशाला?” मी एकदा विचारलं.

“आजीला मालकाच्या दारातून जेवायला हाक कधी आली नाही,” चिमट्याने एक बाक सरळ करत तो म्हणाला. “भाकर बांधावर यायची. आपल्याकडे सगळे टेबलावर.” मग वर न बघताच, “तुला काय काम देऊ, यामिनी?”

“मला वरचंच पुरे आहे. तुझ्या शेतात तरी मला बसू दे.”

“बसलेली माणसं नाहीत आपल्याकडे.”

मी हसून वर निघून आले. ते तळघर मला आवडायचं नाही. ओल्या सिमेंटचा, डिंकाचा आणि शेजारच्या फ्राउ लिंडनरनी लगतच्या खोलीत खोक्यांत भरून ठेवलेल्या सफरचंदांचा वास. दिवा चार मिनिटांनी आपोआप विझायचा. टक् असा आवाज यायचा, अंधार व्हायचा, आणि पुन्हा लावायचा तर दाराजवळच्या बटणापर्यंत चाचपडत जावं लागायचं. उज्ज्वलने त्यातूनही वेळ मोजायचं माप काढलं होतं. जेवायला बोलवायला मैत्रीला खाली पाठवलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, “थांब न, अजून एक लाइट.” आणि ती वर येऊन जर्मनमध्ये निरोप द्यायची. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र जर्मनच. “नोख आइन लिख्त,” म्हणायची आणि पुन्हा रंगवायला बसायची.

ऑगस्टमधल्या त्या रविवारीही तसंच झालं. तो तीन वाजता खाली गेला. सात वाजता मी मैत्रीला म्हटलं, “जा गं, बाबाला बोलव.” मी ताटं घेत होते. ती गेली, आली.

“नोख आइन लिख्त.”

मी आमटी पुन्हा गरम केली. वीसेक मिनिटांनी चिडून स्वतः खाली गेले. पुटपुटतच गेले, काय बोलायचं ते जिन्यात ठरवत. तळघरात अंधार होता. बटण दाबलं. तो स्टुलावर, दाराकडे पाठ, कपाळ मक्याच्या शेजारच्या गवतात टेकलेलं. हातात चिमटा.

इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, “दोन तास तरी झालेत, फ्राउ वानखडे. जास्तच.”

दोन तास.

मी त्याच्यापाशी मुलीला पाठवलं होतं. आणि ती निरोप घेऊन आली होती.

ही माझी खालची काळजी. समुपदेशक बाई म्हणाल्या, मुलं रिकाम्या जागा भरून काढतात. तिला पाठ दिसली असेल, रोजचं उत्तर तिला पाठ होतं, तेच तिने सांगितलं असेल. पटण्यासारखं होतं. आमच्या घरात भूतखेत, अंगारे-धुपारे यांना कधी थारा नव्हता, माझ्या वडिलांनी तर त्यावर व्याख्यानं दिली आहेत. मग मी मैत्रीला सरळ का विचारलं नाही? विचारलं नाही. तीन महिने. “हो” म्हणाली तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. “नाही” म्हणाली तर काय, हेही नव्हतं. आई म्हणून मी अशी आहे. शाळेच्या डब्यात काकडी किती जाड कापावी यावर मी रात्र काढू शकते, आणि हे मात्र विचारू शकत नाही.

तळघराला कुलूप लावून किल्ली मी पर्समध्ये ठेवली.

ऑक्टोबरात फ्राउ लिंडनरनी मला जिन्यात गाठलं. “हे बघा, फ्राउ वानखडे, तुम्हाला दुःख आहे, मला कळतं. पण वीज सगळ्यांची आहे. संध्याकाळभर खाली कुणीतरी दिवा लावत बसतं. टक्, चार मिनिटं. पुन्हा टक्, चार मिनिटं.”

“आमच्याकडचं कुणी जात नाही.”

“गेनाऊ,” त्या मान हलवत म्हणाल्या, म्हणजे हेच तर मी म्हणतेय. “मग कोण?”

मी तेव्हाच खाली गेले, हिवाळी कोटांचं निमित्त काढून. कुलूप होतं तसं होतं. आत शेतही होतं तसं होतं... मका सोडून. ऑगस्टमध्ये तो उभा होता, प्रत्येक ताट चिमट्याने रोवलेलं. आता तिथे खुंट होते. सगळे एका उंचीचे, मिलिमीटरभर, ओळीत. कापलेल्या चाऱ्याचा ढीग गोठ्यामागे दाबून त्यावर काळं प्लास्टिक घातलेलं, आणि ते उडू नये म्हणून वर टायरांच्या इवल्या चकत्या.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. झोपेत चालत जाऊन मी मका कापला असेल? मला जागेपणी शर्टाचं बटण धड लावता येत नाही.

“मैत्री, खाली मका तू काढलास का?”

ती चित्र रंगवत होती. “नाइन,” ती नाही म्हणाली, आणि मग मी काहीतरी बावळट विचारल्यासारखं, जर्मनमध्येच, “आता ऑक्टोबर आहे ना.”

त्या आठवड्यात मी दुसरं घर शोधलं. फ्युर्थला, दोन खोल्या, तळघर नाही. ते शेत मोडायचं आणि माझ्या मुलीला त्याच्यापासून लांब न्यायचं, एवढंच मला कळत होतं. ती रोज शाळेतून आली की खालच्या दाराशी क्षणभर थांबायची. कान देऊन. हे मी वरच्या कठड्यावरून बघितलं होतं.

तर बुधवारी, साडेचारला. नोव्हेंबरातले साडेचार म्हणजे खिडकीत निळा अंधार. तिला वर एकटी ठेवायला मन होईना, म्हणून सोबत घेतलं. हातात करवत, अंड्यांचे रिकामे पुठ्ठे, आणि चेहऱ्यावर ते खोटं हसू, जे मुलांना लगेच कळतं.

“गाई तू ठेव हं पुठ्ठ्यात. एकेका खणात दोन-दोन.”

तिने ठेवल्या. एकेकीची मान वर करून. मी उज्ज्वलचा सामानाचा खण उघडला. डिंकाच्या नळ्या, रंग, आणि एक काड्यापेटी. तिच्यावर त्याच्या त्या सरळ इंजिनिअरी अक्षरात लिहिलेलं, ‘यामिनी. काम?’

आत मी होते. दोन सेंटिमीटरची. माझं निळं जाकीट, माझा तो कधीच नीट न बसणारा अंबाडा. एक हात तोंडाशी नेलेला. जांभई देताना केलंय मला, असं वाटलं, आणि हसू आलं, आणि मग जे आलं ते मैत्रीला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. मधे दोनदा दिवा विझला, दोनदा मी उठून लावला. काड्यापेटी बंद करून जाकिटाच्या खिशात टाकली आणि चेन ओढली.

“आता बाबाला घे,” मी म्हटलं. ट्रॅक्टरवर तो तेवढाच राहिला होता.

तिने नकारार्थी मान हलवली.

“मैत्री, मला फळी कापायचीय, राजा.”

पुन्हा मान. मग मीच हात पुढे केला...

टक्.

अंधार असा पडला की डोळे उघडे आहेत का बंद, कळेना. “हलू नकोस,” मी म्हटलं. “करवत आहे इथे. हात दे.” तिने दिला. गार, लहान, घट्ट. मी तो धरून उभी राहिले, दार कुठल्या बाजूला ते आठवत.

आधी वास आला. सिमेंटचा नाही, सफरचंदांचा नाही. सायकलवरून जाताना गोठ्यांपाशी यायचा तो, दाबलेल्या मक्याचा आंबूस, ओला, गोडसर वास... इतका जवळून, की शेत आमच्या पायांखाली असावं.

मग फळीच्या पलीकडे सपाता वाजल्या. एकीचा तळ सुटलेला. चट्... चप्. चट्... चप्. माझ्याजवळून, मैत्रीच्या बाजूने, दाराकडे. उज्ज्वलच्या त्या सपाता मी कचऱ्याच्या पिशवीत बांधल्या होत्या, सकाळीच.

मैत्रीचा हात माझ्या हातात होता. दुसरा मी चाचपून धरला. तोही होता.

टक्.

दिवा लागला. दाराजवळ कुणी नव्हतं. बटणातला नारिंगी ठिपका मंद जळत होता.

मी फळीकडे बघितलं. बघायचं नव्हतं. गाई गेलेल्या, रिकाम्या शेतात ट्रॅक्टरवर तो नव्हता. आणि घराच्या उंबऱ्यावर, लांब टेबलाच्या डोक्याशी, निळं जाकीट घातलेली बाई उभी होती. खिशाची चेन बंद होती. मी ती उघडली. काड्यापेटी निघाली, हलकी.

जांभई नव्हती ती. हात तोंडाच्या बाजूला आडवा धरला होता, शेतापर्यंत हाक जावी म्हणून धरतात तसा.

दिव्याचा टायमर भिंतीत बारीक घुमत होता. मग मी तीन महिने विचारलं नव्हतं ते विचारलं.

“मैत्री... त्या दिवशी... मी तुला बाबाला बोलवायला पाठवलं... तो खरंच काही बोलला होता?”

“या,” ती जर्मनमध्ये ‘हो’ म्हणाली.

“काय बोलला?”

“नोख आइन लिख्त.” तिने दाराकडे बघितलं, परवानगी घेतल्यासारखं. आणि मग माझी मुलगी, जी कधी मराठीत उत्तर देत नाही, हळूहळू, एकेक शब्द सांभाळत बोलू लागली. “आणि म्हणाला, आईला सांग... तू हाक मार. तू मारली की येतो.”

“मग मला सांगितलं का नाहीस गं?”

“तू ताटं घेत होतीस. तू विचारलंच नाही.” तिने माझी बाही ओढली. तिची नजर अजून दारावरच होती, माणसाच्या उंचीवर. “मार न, आई. एकच लाइट आहे.”