पाच मिनिटांचा नियम

बस माझ्या डोळ्यांदेखत सुटली. मी डेपोच्या फाटकातून धावत आले होते, एक हात वर, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, आणि ड्रायव्हरने मला आरशात पाहिलंसुद्धा. पाहिलं, आणि गेला! नोकरीचा पहिलाच आठवडा, आणि रोज हेच.

स्टॉपवर एकटाच एक माणूस उभा होता. चौकटीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, नजर मनगटावरच्या घड्याळात. ओळख ना पाळख, पण माझा राग ओतायला कुणीतरी हवंच होतं.

"हे वेळापत्रक ज्या शहाण्याने केलंय ना, त्याला एकदा इथे आणून उभा करा," मी म्हणाले. "माझी ड्युटी पाचला सुटते आणि बसही पाचलाच सुटते. माणसाला काय पंख असतात? घरी माझी ताई बूट घालून दारात उभी असते, तिच्या बाळाला कडेवर घेऊन. हॉस्पिटलात रात्रपाळी असते तिची. मी पोचले की बाळ माझ्याकडे देते आणि धावत सुटते बिचारी. रोज तिला उशीर, रोज तिला बोलणी. आणि हा शहाणा कुठेतरी पंख्याखाली आरामात बसला असेल!"

तो मान किंचित कलती करून ऐकत होता. माझा दम संपला तेव्हा हळूच म्हणाला, "तुम्ही त्याला इथे आणून उभा करा म्हणालात…"

"म्हणाले. मग?"

"तो… इथेच उभा आहे."

दुसरी एखादी असती तर लाजून मेली असती. मी आणखी भडकले. "मग मघापासून गप्प का?"

"तुम्ही थांबलात कुठे?"

पुढची बस चाळीस मिनिटांनी होती. ती येईपर्यंत मी त्याला फैलावर घेतलं आणि त्याने मुकाट्याने घेऊ दिलं. बस आल्यावर एवढंच म्हणाला, "बघतो काही जमतं का." असं 'बघतो' म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत.

आमच्या डेपोत त्याला सगळे मिनिटराव म्हणतात, हे मला कंडक्टर मावशींकडून कळलं. या मावशी डेपोतल्या सगळ्यांच्याच मावशी. त्यांना ठाऊक नाही असं डेपोत काही नाही. मला सगळे सर्व्हरबाई म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. मी वर्कशॉपच्या वरच्या खोलीत बसते. खोलीला खिडकी नाही, एसी अखंड घरघरतो आणि भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून डेपोच्या सर्व्हरची राखण करते. तिकिटं, डिझेल, ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या, सगळं त्या एका यंत्रावर चालतं. काही बिघडलं की पहिली शिवी मला.

बस चुकतच राहिली. आणि मिनिटराव स्टॉपवर असायचाच. भांडण हेच आमचं बोलणं होतं, निदान माझ्या बाजूने. एकदा अवेळी भुरभुर सुरू झाली, तर याने आपलं वर्तमानपत्र माझ्या डोक्यावर धरलं, स्वतः भिजत राहिला.

"दोन मिनिटांत थांबेल," घड्याळ बघत म्हणाला.

पाऊस वाढला.

"पाऊस बसत नाही वाटतं तुमच्या वेळापत्रकात?"

"नाही… तो कुणाचं ऐकत नाही."

"म्हणजे माझ्यासारखा!"

"तुम्ही निदान रोज येता," तो म्हणाला, आणि कान लाल करून रस्त्याकडे बघत बसला. वर्तमानपत्राची शाई माझ्या केसांना लागली होती. घरी गेल्यावर ताईने विचारलं, हसतेस काय एकटीच? मी म्हटलं, हसतेय कोण, चिडलेय मी.

मग मावशींनी एक दिवस सहज सांगितलं, मिनिटरावची खोली डेपोच्या मागच्याच गल्लीत आहे, तो घरी चालत जातो. म्हणजे त्याला कुठलीच बस पकडायची नव्हती! मी त्याला त्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो यायचाच थांबला असता तर? मला तो यायला हवा होता. इतकं साधं होतं ते, आणि त्याचाही मला रागच आला.

त्यात नोकरीची टांगती तलवार. मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. डेपोच्या मोठ्या साहेबांनी बजावून ठेवलं होतं, "आणखी एकदा सर्व्हर बसला, तर तुमचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकतो." सर्व्हर बसला की बाई दोषी. तो कुणी बसवला, हे विचारायची पद्धतच नाही.

आणि मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना, एका दुपारी, सगळे फोन एकदम वाजायला लागले.

"सर्व्हरबाई, तिकीटखिडकीवर नुसतं चक्र फिरतंय!"

"सर्व्हरबाई, डिझेल कुणाला किती दिलं, लिहायचं कुठे?"

चार वाजता ड्रायव्हरांच्या हॉलमध्ये संध्याकाळची ड्युटीपत्रकं लागली नाहीत, तर एकही गाडी हलणार नव्हती. मी स्क्रीनवर पाहिलं. सगळा सर्व्हर एकाच प्रोसेसने गिळून टाकला होता. ड्युट्या लावायचा प्रोग्राम. मिनिटरावचा!

अशा अडकलेल्या प्रोसेसला थांबवायचे दोन मार्ग असतात. पहिला सभ्य. त्याला सांगायचं, बाबा रे, आता आवर. तो आपला पसारा आवरतो आणि जातो. दुसऱ्यात सांगणं-विचारणं नाही, सरळ तोडून टाकायचं. मी सभ्यपणे सांगून पाहिलं. हूं की चूं नाही. पुन्हा सांगितलं. ढिम्म! मालकासारखाच होता, मी बोलत राहायचं आणि त्याने गप्प बसायचं.

मी दुसऱ्या मार्गाची तयारी केली, तोच दार धाडकन उघडलं. मिनिटराव. वर्कशॉपचा जिना धावत चढून आलेला, एक पेन वाटेत कुठेतरी पडलेलं.

"थांबा… त्याला मारू नका!"

"का नको? सगळा डेपो उभा केलाय त्याने."

"अजून थोडा वेळ द्या. सापडेल त्याला."

"काय सापडेल?"

"उत्तर."

"रोज किती वेळ लागतो याला?"

"चहा पिऊन होईपर्यंत."

"मग आज काय केलंत?"

त्याने एसीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "एक नियम… जास्त घातला."

"कसला नियम?"

"खासगी आहे."

"सरकारी बसगाड्यांमध्ये खासगी नियम? अहो, माझी नोकरी जायची वेळ आलीय! साहेब कुठल्याही क्षणी येतील. बोला!"

"पाचची बस…" तो अडखळला. "पाचची बस पाच मिनिटं उशिरा सोडायची. तेवढाच नियम. पण तसं केलं की त्या ड्रायव्हरची विश्रांती कमी पडते, मग पुढच्या फेरीला दुसरा लागतो, तो काढला की तिसऱ्या गाडीचा कंडक्टर अडतो… महिनाभर मी कागदावर जमवून बघतोय. वाटलं, यंत्राला जमेल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पाचची बस म्हणजे माझी बस.

आवडलं मला ते, खोटं कशाला बोलू. पण त्याच क्षणी डोकं सणकलं. "मी मागितलं होतं का तुमच्याकडे? उद्या लोक म्हणतील, बाईने स्वतःच्या सोयीसाठी सगळं शहर थांबवलं! मला एका शब्दाने विचारायचं तरी!"

"आधी जमवून मग सांगणार होतो."

"याला उत्तरच नाहीये, मिनिटराव. असतं तर केव्हाच मिळालं असतं. तुमचा प्रोग्राम नसलेलं उत्तर शोधत बसलाय."

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मारा."

मी बटण दाबलं. फोन एकेक करत गप्प झाले. तो माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि आपला नियम काढून टाकू लागला. एवढासा नियम, पण काढताना त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. चिडले होते ना मी.

प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि चारच्या ठोक्याला आम्ही दोघं छापलेली गरम गरम पत्रकं घेऊन हॉलमध्ये पोचलो. ड्रायव्हर-कंडक्टरांनी हॉल भरलेला, आणि मधोमध मोठे साहेब.

"बसला ना सर्व्हर पुन्हा?" ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "मी सांगितलं होतं, बाई. आता मला दोष देऊ नका."

मी तोंड उघडलं. सांगायला काय होतं, एक वाक्य! पण पुढे त्यांनी 'कसला नियम' म्हणून विचारलं असतं, आणि सगळ्या हॉलने मिनिटरावची चेष्टा केली असती. जन्मभर. मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा भांडायची हक्काची वेळ आली आणि मी गप्प! माझाच मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"साहेब, सर्व्हर बसला नव्हता," मागून आवाज आला. "माझा प्रोग्राम अडकला होता. मीच नको तो नियम घातला. बाईंनी तो वेळेवर थांबवला, म्हणून आज गाड्या सुटतायत."

"कसला नियम?" साहेबांनी विचारलंच.

मिनिटराव एकदा माझ्याकडे बघून सरळ उभा राहिला. "पाचची बस पाच मिनिटं उशिरा सुटावी, असा. यांना ती रोज चुकते. यांनी मला सांगितलं नव्हतं. मला… मला तसं वाटलं."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी वाजवली, मावशी "अगं बाई!" म्हणाल्या, आणि जो काही गलका झाला! माझे कान तापले. साहेबांना हसावं की ओरडावं कळेना. शेवटी ते त्याच्यावर ओरडले. लेखी खुलासा मागितला, पगारवाढ रोखतो म्हणाले, आणि दाराकडे वळले.

"साहेब," मी म्हणाले, "आणि माझं?"

"तुमचं काय? तुमचा सर्व्हर ठीक होता ना?"

"ठीक होता. म्हणजे मी राहणार?"

"राहा, बाई, राहा!" ते जाता जाता म्हणाले. सगळ्यांदेखत म्हणाले, मागे घ्यायची सोय नाही.

पाचला मी धावले. बस सुटली होती. अर्थातच.

मिनिटराव स्टॉपवर उभा होता, खाली मान घालून. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पगारवाढ घालवलीत."

"हो."

"सगळ्या डेपोत हसं करून घेतलंत. आणि माझंही!"

"चुकलं."

"आणि अक्कल कुठे ठेवली होतीत? ती बस मला मिळाली असती, तर मी रोज पाचच्या बसनेच घरी गेले असते. मग ही आपली चाळीस मिनिटं? ती कुठून आणणार होतात? याचा विचार केला होतात का?"

"केला होता," तो म्हणाला.

"मग?"

"तुमची ताई दारात उभी असते ना… बाळाला घेऊन."

मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्यानेही पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावरून काय काय गेलं, मला ठाऊक नाही. वेळ किती गेला, तेही त्यालाच विचारा, आणि त्यालाही सांगता यायचं नाही.

पुढची बस येऊन थांबली. मी चढले. तो नेहमीसारखा खालीच, हात मागे बांधून.

"बघताय काय?" मी दारातून ओरडले. "चढा ना! आज पुन्हा उशीर का झाला, ते ताईला तुम्हीच सांगायचं!"

ड्रायव्हरने आरशात पाहिलं, आणि मिनिटराव चढेपर्यंत गाडी हलवली नाही.