रिठदच्या ओढ्यावरचा खडा

ज्या खिडकीत हे घडलं, ती खिडकी वाशिमकडच्या मालेगावात अजून आहे. कोणाला खोटं वाटत असेल, तर त्यानं जाऊन बघावी.

ही गोष्ट माझ्या मावशीच्या भाडेकरूंची. मावशीचं नाव हौसाबाई. मालेगावच्या कडेला तिचा भाजीचा मळा होता, आणि मळ्यालगत दोन खोल्यांचं घर. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. तेव्हा वाशिम जिल्हा झाला नव्हता, आपण अकोल्यात होतो. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, आणि गावोगावी बोअर पाडायला परदेशी माणसं आली होती.

त्यातलंच हे डेन्मार्कचं जोडपं. नवरा योर्गन, बायको कर्स्टन.

हौसाबाईच्या जिभेवर ते नाव बसेना. तिनं त्याचं कस्तुरा करून टाकलं.

कर्स्टन वर्षभरात इथली होऊन गेली. माठ भरायची, चुलीवर भाकरी टाकायची, भाकरी फाटली की स्वतःच हसायची. मराठी शिकली तीही हौसाबाईकडून. त्यामुळे ती गोरी बाई बाजारात जाऊन म्हणायची, "मले वांगे पायजेत, किडके नको देऊ बरं!" सारा बाजार खूश व्हायचा.

रविवार मात्र त्या दोघांचा.

पाठीवर पिशव्या, पाण्याची बाटली, उकडलेली अंडी. फटफटीवर बसायचं आणि कुठली टेकडी, कुठला ओढा धुंडाळायला निघायचं.

"काव कस्तुरा, काही हरपलं का तुमचं?" हौसाबाई विचारायची. "बिनकामाचे कायले उनात हिंडता?"

"पाहाले जातो, मावशी."

"दगडं? ते तं माह्या मळ्यातबी लय हायेत. वेचून देशीन तं भाडं माफ!"

दगड कर्स्टनला खरंच आवडायचे. प्रत्येक रविवारी ती एक दगड घेऊन यायची आणि खिडकीच्या रुंद कट्ट्यावर ठेवायची. आठवण म्हणून.

त्या रविवारी ती दोघं रिठदच्या बाजूला गेली होती. चैत्र संपत आला होता. ओढ्यात एका डोहापुरतंच पाणी राहिलं होतं. काठावर जुनं उंबराचं झाड. झाडाच्या बुंध्यात ढोली, आणि ढोलीत एक काळा खडा.

गुळगुळीत. मुठीत मावेल एवढा.

भोवती गवताची एक काडी गुंडाळलेली होती.

कोणीतरी तो मुद्दाम ठेवलाय, हे कर्स्टनला दिसलं होतं. ती क्षणभर थांबलीही होती. मग तिला वाटलं, पोरांनी खेळता खेळता ठेवला असेल.

तिनं काडी सोडली आणि खडा पिशवीत टाकला.

उन्हाच्या दिवसांत तो खडा ओला होता… तिला तेवढंच नवल वाटलं.

सोमवारी सकाळी माठ रिकामा होता.

कर्स्टननं रात्री तो स्वतः भरला होता. खाली ओल नाही. तडा नाही.

"मांजर असंल," हौसाबाई म्हणाली.

मांजर माठभर पाणी पीत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

मंगळवारी योर्गन कामावर निघाला. त्यानं बाटली उचलली आणि हलवून पाहिली. बूच घट्ट होतं.

आत थेंब नव्हता.

त्याच दिवशी भर दुपारी कर्स्टन पडवीत तांदूळ निवडत होती. घरात ती एकटी. मळ्यात पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. आणि आतल्या खोलीतून आवाज आला…

गट… गट… गट…

फार तहानलेला माणूस घाईनं पितो ना, तसा.

ती आत गेली. खोली रिकामी. खिडकीत, त्या खड्याशेजारच्या पेल्यात तिनं मोगऱ्याची फुलं ठेवली होती. फुलं तशीच होती.

पाणी नव्हतं.

तिनं योर्गनला काही सांगितलं नाही. त्यानंही तिला काही विचारलं नाही.

बुधवारी दुपारी दारात दोन माणसं आली. एक म्हातारी आणि तिच्यासोबत तिचा मोठा मुलगा. त्यानं डोकं भादरलेलं होतं. दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखले होते. जेवणाची सुट्टी होती, म्हणून योर्गनही घरी होता.

"मी पुंजाजी. रिठदचा," मुलगा म्हणाला. "हे माही माय, भागिरथाबाई. आमचा चंपत गेला. लहाना भाऊ. मालेगावच्या बाजारातून पायी येऊन राह्यला होता, ऊन लागलं. ओढ्यापाशी पडला. पानी पानी करत गेला."

कर्स्टननं मान खाली घातली.

म्हातारी हळू बोलली. लहान लेकराला समजवावं, तशी.

"बाई, आमच्यात मान्साले जाळलं का एक खडा ठेवतात. जीवखडा म्हनतो आमी. दहा दिवस त्याचा जीव त्या खड्यावर असते. रोज त्याच्यावर पानी घालाचं, कारन तो तहानेला असते. दहाव्याले खडा पान्यात सोडला का तो सुटला. आमी उंबराच्या ढोलीत ठेवला होता. रविवारपासून नाई."

"तुमी रविवारी ओढ्यावर होते म्हनतात," पुंजाजी म्हणाला. "उद्या दहावा हाय. तुमाले दिसला का?"

खडा तिथंच होता. आतल्या खोलीत, पडद्यामागे, खिडकीत.

कर्स्टननं योर्गनला त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"नाही म्हण," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात रिठदला मशीन न्यायचं आहे. आपण त्यांच्या मेलेल्या माणसाचा दगड उचलला हे कळलं, तर गावात पाय ठेवू देतील का? नाही म्हण. नंतर गुपचूप ठेवून येऊ."

कर्स्टन वळली.

"नाई," ती म्हणाली. "नाई दिसला."

तिला वाटलं होतं, नाही म्हणणं सोपं असेल.

म्हातारीनं मान हलवली. "बरं बाई. घोटभर पानी दे. मंग निंगतो."

कर्स्टननं तांब्या भरून आणला. भागिरथाबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाशी नेला…

आणि आतून आवाज आला.

गट… गट… गट…

तांब्या तसाच थांबला.

पुंजाजीनं आईकडे पाहिलं. योर्गन भिंतीकडे पाहत होता. पडदा हलत नव्हता. आवाज मात्र चालूच होता. मधे दम घ्यायला थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"घरात आनखी कोन हाय, बाई?" म्हातारीनं विचारलं.

कर्स्टनचे ओठ हलले. खरं बोलायला तिला एवढी एक संधी होती.

"कोनी नाई," ती म्हणाली.

भागिरथाबाईनं बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग भरलेला तांब्या उंबऱ्यावर ठेवला. अलगद, थेंबही न सांडता.

"चाल, पुंजाजी."

"माय, पानी तं पे."

"नको."

ती दोघं त्या उन्हात चालत गेली. ज्या वाटेवर चंपत पडला होता, त्याच वाटेनं.

दारातून तहानलेलं माणूस परत गेलं. हौसाबाईनं मळ्यातून ते पाहिलं होतं. ती आली, उंबऱ्यावरचा तांब्या पाहिला आणि एवढंच म्हणाली, "काय केलं व, कस्तुरा?"

तेव्हा कर्स्टन रडली. सगळं सांगितलं. योर्गन कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "मी सोमवारीच ऐकला होता तो आवाज. मला लाज वाटली सांगायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं आणि हौसाबाई रिठदच्या ओढ्यावर पोचली.

दहावा सुरू होता. दुसरा खडा घेऊन विधी चालला होता. पिंड मांडलेले होते. उंबरावर कावळेच कावळे होते, पण एकही खाली उतरत नव्हता. बाया लांब बसल्या होत्या. त्यांच्यात भागिरथाबाई.

योर्गनचा पाय उचलेना. कर्स्टन पुढे गेली. सगळ्या गावादेखत तिनं पिशवीतून तो काळा खडा काढला आणि म्हातारीपुढे धरला.

"माह्यापाशी होता," ती म्हणाली. "मी खोटं बोलली."

माणसांत कुजबूज झाली. एकजण ओरडला, "चोरटी!" पुंजाजी मुठी आवळून उठला. भागिरथाबाईनं हात वर केला, तसा तो थांबला.

"घाल त्याच्यावर पानी," ती कर्स्टनला म्हणाली. "तूच घाल."

कर्स्टननं तळहातावरच्या खड्यावर तांब्या रिता केला.

तिचा हात कोरडा राहिला.

खाली मातीतही थेंब पडला नाही. तिथं बसलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. हौसाबाई शेवटपर्यंत सांगायची.

मग पुंजाजीनं खडा घेतला आणि डोहात सोडला. कावळा कधी उतरला, ते कर्स्टनला दिसलं नाही. तिनं मान वर केलीच नाही.

निघताना म्हातारी तिच्याजवळ आली.

"काल त्याचा आवाज म्या वळखला होता, बाई. लहानपनापासून तो असाच घाईनं पानी पेत होता. म्हनून तं दुसऱ्यांदा इचारलं. वाटलं, आता तरी सांगसान."

ती चिडून बोलली असती, तर बरं झालं असतं.

त्यानंतर माठातलं पाणी कधी कमी झालं नाही. रिठदला बोअर पडला, पाणीही लागलं. योर्गन काम संपेपर्यंत तिथं खाली मान घालून वावरला. कर्स्टननं खिडकीतले सगळे दगड जिथले तिथं नेऊन ठेवले. पुढं त्यांचे रविवार घरातच गेले.

दिवाळीनंतर ती दोघं मायदेशी निघाली. भांडी पालथी घातली, घर झाडलं. शेवटी कर्स्टननं रिकाम्या खिडकीत एक पेला भरून ठेवला.

"कायले व? तो तं सुटला," हौसाबाई म्हणाली.

"माहीत हाय, मावशी. राहू द्या."

हौसाबाईनं कुलूप लावलं. चावी तिच्याच कमरेला होती. खिडकीला गज होते. चार दिवसांनी ती घर सारवायला गेली. कुलूप काढलं, दार ओढलं…

आणि तिचा पाय तिथंच थांबला.

खिडकी रिकामी होती.

पेला दाराच्या आत, उंबऱ्यावर ठेवलेला होता. भागिरथाबाईनं तांब्या ठेवला होता, त्याच जागी.

काठोकाठ भरलेला. थेंबही सांडला नव्हता.

कोणी ठेवला, मला माहीत नाही. पण कर्स्टननं तो चंपतसाठी भरला होता, आणि आईसारखाच तोही पाणी न पिता गेला… एवढं मात्र त्या घरात गेलो की अजून आठवतं, आणि हातातला पेला मी तसाच खाली ठेवतो.