कंपनीचं पाणी

रविवारची सुट्टी, तरी नजरकक्षात खुर्च्या भरलेल्या. जयमाला घोडके पापण्या चोळतच आत आली. डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखी आग, पापण्यांच्या कडा सुजून लाल.

"या जयाताई, दर्शनाला आलात?" शेजारचा इरफान मुजावर म्हणाला. "बसा, तीर्थ मिळेल."

ती बसली. पडदा उजळला, वरच्या पापणीखाली टक् झालं आणि डोळ्यावर ओलावा पसरला. तिने सुस्कारा सोडला. लगेच पडद्यावर एक ट्रक आला. सुट्टीतलं काम, फुकट.

बार्शीबाहेरच्या या खोलीतून बिनचालकाच्या ट्रकांवर नजर ठेवायची. यंत्र गोंधळलं की माणसाने हाकायचं. अडचण एकच होती, माणूस पापणी मिटतो. तेवढ्यात ट्रक पुढे जातो. पडद्याकडे टक लावून सगळ्यांचे डोळे कोरडे पडले, तेव्हा कंपनीने तांदळाच्या दाण्याएवढा अश्रुपंप बसवून दिला. जयमालाने पेढे वाटले होते. पंप तिच्याच अश्रुग्रंथीतून पाणी ओढायचा आणि डोळ्यावर सोडायचा. मिटायची गरजच संपली. मात्र पडद्यासमोरून उठलं की पंपाची झडप बंद. बॅटरी वाचावी म्हणून, असं कंपनी सांगायची. पाणी तिचं, नळ त्यांच्या हातात. दाराला कुलूप नव्हतं. लावायचं कशाला?

संध्याकाळी आई तिच्याकडे बघत राहिली. "जया, तू पापणी लववत नाहीस गं. झोपेतसुद्धा डोळा अर्धा उघडा. भ्या वाटतं बघून."

"कामाची सवय आहे."

"कसलं काम ते मढ्यासारखं." आईने पदराचा बोळा केला, त्यात तोंडाने गरम वाफ फुंकली आणि तिच्या डोळ्यावर दाबला. लहानपणी कचरा गेला की दाबायची, तसाच.

"आई, कुठले जुने उपाय काढतेस?"

"गप बस."

चार-पाच वेळा दाबल्यावर पापणीच्या कडेतून मेणासारखा पांढरा कण बाहेर आला. आग जराशी निवली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तिने गावातल्या डॉक्टरीणबाईंना डोळे दाखवले. त्यांनी पापणी उलटून पाहिली. "इथे तेलाच्या ग्रंथी असतात. पापणी मिटली की पिळल्या जातात, तेलाचा थर पाण्यावर बसतो, म्हणून पाणी उडून जात नाही. तुम्ही मिटतच नाही. तेल आत गोठलंय. निम्म्या ग्रंथी मेल्यात."

"उरलेल्या?"

"आईने केलं तसा शेक द्या. कामावरही डोळे मिटा. पंप मी काढू शकते, पण पंप बंद असताना डोळा स्वतःहून पाझरतोय असं दिसलं तरच. नाहीतर तो काढला की डोळाच जाईल."

"आणि नाही मिटले तर?"

"काही महिन्यांत सगळ्याच मरतील. मग जन्मभर तीच खुर्ची."

कामावर डोळे मिटले की त्या दिवसापुरती झडप बंद, असा नियम होता. जयमालाने समोरचा ट्रक आधी रस्त्याच्या कडेला लावला. मग ओढणीचा बोळा केला, वाफ फुंकली, दोन्ही डोळ्यांवर दाबला.

"जयमाला मॅडम, डोळे उघडा," छताच्या स्पीकरमधून पर्यवेक्षक देशमाने साहेबांचा आवाज आला. "पंप बंद पडेल."

"पडू द्या."

"ताई, वेड लागलं का?" इरफान कुजबुजला. "दिवसभर तडफडाल."

"आपण तडफडतोय तर रोजच. ट्रक कडेला लाव, रुमाल काढ आणि फुंक."

पापणीखाली टक् झालं. झडप मिटली. थोड्याच वेळात आग चढू लागली. तिने ओढणी हलवली नाही. शेजारून फुंकर मारल्याचा आवाज आला. त्याच्या पलीकडून आणखी एक.

"मॅडम, शेवटचं सांगतोय." देशमाने साहेबांचा आवाज आता मऊ झाला होता. "ऐका जरा."

मग तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी ओघळलं आणि गालावर आलं. जयमाला दचकली. दुसरं टक् तर ऐकू आलं नव्हतं. की स्पीकरच्या आवाजात बुडालं? आग निवून तिने डोळे उघडावेत म्हणून साहेबांनीच झडप गुपचूप उघडली तर नसेल?

गालावरचं पाणी ओठांपर्यंत आलं. खारट होतं. ते तर पंपाचंही असायचं. मग हे सोडलं कुणी?