शेखच्या अंगठ्याची शाई

"डॉक्टर म्हणतात, हृदय थांबलं. थांबलं असेल." फोनवर शेख तरादांचा मुलगा मुतलक बोलत होता. "पण नहारभाऊ, बाबांचा अंगठा निळा झालाय!"

पोलीस कप्तान नहार तडक गाडी काढून डोंगरावरच्या ऐन सिद्रला पोचला. शेख तराद बैठकीत चुलीपाशी लोडाला टेकून बसल्यासारखे गेले होते. घरचे सगळे सकाळपासून शेजारच्या गावी लग्नाला गेले होते. गुडघे धरले म्हणून शेख एकटेच मागे राहिले.

उजवा अंगठा नखापर्यंत निळा होता. पांढऱ्या अंगरख्यावर मात्र शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. चुलीवर पितळी किटली, तिची मूठ लखलखीत. पाहुण्याच्या गादीसमोर, गालिच्यावर, बिनकानाचा एकुलता एक पांढरा कप. तळाशी रीतीप्रमाणे ओतलेली घोटभरच कॉफी, थंड होऊन वर पापुद्रा धरलेली. नहारनं वाकून पाहिलं. कप आतून बाहेरून स्वच्छ होता.

"हा धुऊन टाकू का?" मुतलकनं विचारलं.

"हात लावू नकोस. आणि हे रबर कसलं पडलंय?"

"बाबांचं. ओळखपत्र आणि हृदयाच्या गोळ्यांची पट्टी या रबरानं एकत्र बांधून छातीच्या खिशात ठेवायचे."

दोन्ही वस्तू खिशात होत्या, पण सुट्या. पट्टीतली एकही गोळी कमी झालेली नव्हती.

"आज कोण येणार होतं?"

"अम्मानचा तो रिफअतबेक, कणीस पक्षाचा सरचिटणीस. महिनाभर गावोगाव सभासद गोळा करत हिंडतोय. कॉफी दिली की खाली ठेवतो. मागणं मान्य करा, मगच पितो म्हणतो. पाहुणा कॉफी न पिता उठला तर घराण्याची अब्रू जाते, म्हणून लोक निमूट हो म्हणतात. बाबा तर चिडलेच होते. म्हणाले, माझ्या कॉफीचा याने सापळा केला!"

या गड्यानं वाडवडिलांची रीतसुद्धा मतलबासाठी वापरली होती.

दुसऱ्या दिवशी दुखवट्याच्या तंबूत रिफअतबेक स्वतःच हजर झाला, फोटोवाल्याला घेऊन. त्यानं मुतलकला मिठी मारली आणि फोटो निघेपर्यंत सोडली नाही. मग घसा खाकरला.

"भावांनो, शेखसाहेबांनी काल माझ्यासमोर आपल्या पक्षाचं सभासदत्व घेतलं. हा अर्ज, हा त्यांचा अंगठा. महिनाअखेर हजार सभासद झाले नाहीत तर पक्षाची मान्यता जाईल. त्यांच्या शब्दाखातर तुमच्या घराण्यातले दोनशे जण येतील ना?"

तंबूतल्या सगळ्या माना मुतलककडे वळल्या. बापाचा शेवटचा शब्द! तो टाकला तर उद्या या डोंगरात तोंड कुठे दाखवणार? मुतलकचा हात पेनाकडे गेलाही.

"थांब," नहार म्हणाला. "बेक, आधी अंगठा की आधी कॉफी?"

"आधी अंगठा. मग खूश होऊन त्यांनी स्वतःच्या हातानं कॉफी पाजली."

"कुठल्या हातानं?"

"हे काय विचारणं झालं? किटली डाव्या हातात, कप उजव्या. रीतीप्रमाणे."

"किती कप प्यायलात?"

"तीन. मग 'पुरे' म्हणून कप हलवला, त्यांच्या हातात परत दिला आणि निघालो. चांगले हसत होते."

"दुसरं कुणी आलं होतं?"

"कुणी नाही. आम्ही दोघंच."

नहारनं रुमालात गुंडाळलेला कप काढून गालिच्यावर ठेवला. आतली कॉफी वाळून तळाशी काळं वर्तुळ झालं होतं.

"बैठकीत हा एकच कप होता, आणि हातात परत दिलेला नव्हता. तुमच्या गादीसमोर जमिनीवर होता, ओतलेली घोटभर कॉफी तशीच. आतून वरपर्यंत पांढराशुभ्र. तीन वेळा भरला आणि प्यायला असता तर कडेला डाग राहिले असते. तुम्ही एक थेंबही प्यायला नाहीत. म्हणजे तुमचं मागणं मान्य झालंच नाही."

"अहो, एखादा कप राहिला असेल..."

"आणि ओल्या निळ्या अंगठ्यानं धरलेल्या पांढऱ्या कपावर शाईचा डागही राहिला नाही? शाई लागली की जिवंत माणूस आधी अंगठा पुसतो, बेक. शेखांनी पुसला नाही, कारण शाई लागली तेव्हा ते जिवंत नव्हते, किंवा हात हलवण्यापलीकडे गेले होते."



"ते चिडले," रिफअतबेक पुटपुटला. "ओरडता ओरडता छाती धरली. मी काय करणार होतो? मी डॉक्टर आहे का? दीडशे सभासद कमी पडत होते. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते," नहार म्हणाला. रागानं त्याचा आवाज उलट खाली गेला. "अर्जावर ओळखपत्राचा नंबर आहे. तो शेखांना पाठ नव्हता. कुठून घेतलास?"

"त्यांच्या... खिशातून."

"रबर कुणी काढलं?"

नहारनं उत्तराची वाट पाहिली नाही.

"ओळखपत्र गोळ्यांच्या पट्टीला बांधलेलं होतं. जीव वाचवणाऱ्या गोळ्या तुझ्या हातात होत्या, नालायका! रबर काढलंस, नंबर उतरवलास आणि गोळ्या तशाच खिशात ठेवून दिल्यास."

मुतलकनं अर्ज उचलून तंबूतल्या चुलीत टाकायला हात उगारला. नहारनं तो काढून घेतला. तो अर्ज न्यायालयात लागणार होता.

मग मुतलक किटलीशी गेला. त्यानं दुसरा कप घेतला आणि ओततच राहिला, अगदी काठापर्यंत, बोटांवरून कॉफी सांडेपर्यंत. असा भरलेला कप या डोंगरात फक्त नको असलेल्या माणसाला देतात. तो त्यानं रिफअतबेकच्या पुढ्यात ठेवला.

"ही तरी पी," मुतलक म्हणाला. "आज तुझं मागणं काही नाही."

फोटोवाल्यानं यंत्र केव्हाच खाली केलं होतं. रिफअतबेकचा हात कपाकडे गेला नाही. नहारच्या शिपायांनी त्याला दोन्ही दंडांना धरून उठवलं, आणि तंबूतला एकही माणूस त्याला वाट द्यायला बाजूला सरकला नाही.