न दिसणारा जाळ

"डस्टिन, ती फवारणीच्या पंपाची भानगड तू गाडीत बसवतोयस म्हणे?"

ओर्व्हिलकाकांनी सौनातल्या, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीतल्या, तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. चर्र झालं. बाहेर काळोख, बर्फ पडत होता. वरच्या फळीवर डस्टिन आणि त्याचा धाकटा भाऊ नील घाम पुसत बसले होते.

"बसवतोय," डस्टिन म्हणाला. "टर्बोने हवा कोंबली की इंजिन तापतं, काका. त्यात पाणी आणि मिथेनॉलचा फवारा मारला की..."

"मला शिकवू नकोस. लेरॉय केम्पाने ते या गावात सगळ्यांच्या आधी केलं. आणि रँडल नावाच्या माकडाने त्याचं काय केलं, ते ऐक. रँडलला मी ओळखतो. दुर्दैवाने."

लेरॉयने सगळं घरीच जुळवलं होतं. टाकी भंगारातल्या गाडीची, काच धुवायच्या पाण्याची. पंप शेतातल्या फवारणीयंत्राचा. टर्बोचा दाब चढला की पंप आपोआप सुरू. मिश्रण मात्र ठरलेलं, निम्मं पाणी, निम्मं मिथेनॉल. ऑगस्टच्या जत्रेत, शर्यतीच्या मैदानावर, रँडल त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "पाणी काय घालतोस रे? दूधवाला आहेस का?" पोरं खिदळली. लेरॉय पेटला आणि त्याने निव्वळ मिथेनॉल ओतायला घेतलं. इंजिन तापलेलं. थोडं सांडलं.

मिथेनॉलचा जाळ भर उन्हात दिसत नाही, पोरांनो. ज्वाळा नाही, धूर नाही. लेरॉय उड्या मारायला लागला, छाती बडवायला लागला. आणि त्या अकलेच्या कांद्यांना वाटलं, हा नाचतोय! रँडलने फोन काढला. "नाच, लेरॉय, नाच!" अंगावरचा शर्ट आपोआप काळा पडून गळायला लागला, तेव्हा कुठे त्यांची तोंडं मिटली.

लेरॉय गेला. रँडल लाजेने गाव सोडेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! बारमध्ये कुणी बिअर पाजली की तो व्हिडिओ दाखवायचा. "शेवट बघू नका, सुरुवात बघा," म्हणायचा. बघणारेही होते. त्यांचीही मला तेवढीच किळस येते.

शेवटी लेरॉयच्या आईने, व्हर्नाने, त्याला घरी बोलावलं.

"लेरॉयची गाडी घेऊन जा. फुकट. फक्त तो व्हिडिओ पूस. माझा मुलगा त्यात नाचत नाहीये."

"घरी जाऊन पुसतो, काकू. शप्पथ," रँडल म्हणाला आणि किल्ली घेऊन निघाला. पुसला नाही. असल्या माणसाची शपथ ती.

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. आदल्या रात्री सगळं गाव जंगलातल्या झोपड्यांत लवकर झोपतं. रस्ते ओस. रँडलला गाडी पळवून बघायला तीच रात्र हवी होती. लेरॉयच्या टाकीत त्याने मिश्रण भरलं आणि साडेअकराला तळ्याकाठच्या रस्त्याला लागला. बर्फ भुरभुरत होता. पुढचं त्यानेच मला सांगितलं, दात वाजत असताना.

सरळ पट्ट्यावर त्याने पाय दाबला. पंप सुरू झाला. गाडी सुटली. मग खोकली. आणि थांबली.

तो उतरला. बॉनेट उघडलं. मिथेनॉलचा गोडसर वास... तोंडावर धग आली. मिथेनॉलचा जाळ रात्री निळसर दिसतो. इथे काहीच दिसेना.

मागे आवाज आला. थप. थप थप. कुणीतरी कापड बडवत होतं.

"कोण आहे?"

थप थप थप. जवळ.

मग हसणं ऐकू आलं. त्याचं स्वतःचं. खिशातल्या फोनमधून. "नाच, लेरॉय, नाच!" त्याने फोन बंद केला. हसणं थांबलं नाही.

आणि त्याची बाही तापली.

तो उड्या मारायला लागला. छाती बडवली. ओरडला. तेवढ्यात उशिरा निघालेल्या शिकाऱ्यांचा ट्रक आला. दिव्यांच्या उजेडात त्यांना काय दिसलं? बर्फात नाचणारा दारुडा. त्यांनी हॉर्न वाजवला. हसले. एकाने फोनही काढला.

आणि निघून गेले.

"मग?" नील कुजबुजला.

काकांनी डाव खाली ठेवला.

मग त्याने मला बोलावलं, गाडी ओढून न्यायला; बंद पडलेल्या गाड्या ओढायचा ट्रक माझ्याकडेच आहे. मी पोचलो तेव्हा तो रस्त्याकडेला बसला होता. अंगावर एक फोड नाही. जॅकेटचा धागा जळलेला नाही. फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "पुसून टाक. माझी बोटं वळत नाहीत." मी पुसला. त्याच्यावर दया आली म्हणून नाही. व्हर्नासाठी.

मग गाडीला साखळी लावायला वाकलो. गाडीभोवती रँडलच्या बुटांचे ठसे होते, बर्फात रुतलेले, विस्कटलेले. त्यांच्या शेजारी, अगदी पावलाला पाऊल लावून, दुसरे ठसे होते. तिथला बर्फ खालच्या डांबरापर्यंत वितळला होता. डांबर कोरडं ठणठणीत. वरून बर्फ पडत होता... त्यांच्यात साचत नव्हता.

मी हातमोजा काढला. एका ठशात तळवा ठेवला.

गरम होता.