बाईंच्या वळणाचे लेखन

मंगळावरच्या अरुणतळावर आता माणूस चेहऱ्यावरून नव्हे, त्याच्या लिहिण्यावरून पकडला जाई. तरीही हवाकपातीविरुद्ध निनावी पत्रकं लिहिणारा काही हाती लागत नव्हता. अखेर प्रशासनाने भाषाशास्त्रज्ञ शलाका पाटणकरला कामाला जुंपलं.

शलाका ही कुमुदिनीबाईंची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी. "तुमच्या वर्गाचे जुने निबंध द्या, बाई. आपली मुलं निर्दोष ठरतील," असं ती म्हणाली आणि बाईंनी ते हसतमुखाने तिच्या हवाली केले. आज ती त्या निबंधांना लावलेल्या साच्याचा निकाल सांगायला आली, तर बाई तिच्यासाठी शेवाळपिठाचं थालीपीठ लावत होत्या.

"तुझा तो साचा म्हणजे असतं तरी काय गं?"

"मजकुराच्या घडणीचा नमुना. आधी समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं, मग 'पण', मग घरातलं एखादं उदाहरण, शेवटी प्रश्न. मधले शब्द कुठलेही चालतील. क्रम जुळला की यंत्र तो मजकूर उचलतं."

बाईंचं उलथनं जागीच थांबलं. असं लिहिलं की समोरचा चिडत नाही, विचारात पडतो, हे त्या वर्गात घसा फोडून शिकवत आल्या होत्या.

"मग उचललं कुणाला?"

"तुमच्या सगळ्या वर्गाला. आणि तुम्हालाही." शलाका ताटाकडे बघत म्हणाली. "लिहिणारा एकच असणार. तो कोण, हे साचा सांगत नाही. प्रशासनाला ते शोधायची गरजही वाटत नाही. उद्या सगळ्यांना ध्रुवावरच्या बर्फखाणीत नेतील."

त्या खाणीतून अजून कुणी परतलं नव्हतं. ज्या मुलांना वाचवायला निबंध दिले, त्यांनाच आपण आपल्या हाताने खाणीत लोटलं, हे बाईंना उमगलं.

"केसानं गळा कापलास माझा! अगं, तुझा निबंध तर मी वर्गात वाचून दाखवायचे. तुला नाही बसला साचा?"

"बसला. पण साच्याला अपवाद जोडता येतो. क्रम जुळला तरी अमक्याला सोड, अशी सूचना. मी माझं नाव घातलं."

"आणि बाकीच्यांची?"

"फार नावं घातली असती तर संशय आला असता."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" बाई कडाडल्या. "खाणीत जायचंच आहे तर एवढं तरी कळू दे. आमच्यापैकी कुणी लिहिली ती पत्रकं?"

थालीपीठ करपल्याचा वास येऊ लागला.

"तुमच्यापैकी कुणीच नाही, बाई," शलाका म्हणाली. "मीच लिहिली."