ओरडू नकोस, आलेच

आमच्या कारखान्यात श्वास देणारी यंत्रं बनतात. माझं काम त्यांचे प्रोग्रॅम मारून बघण्याचं. सेन्सरची वायर उपटायची. प्रोग्रॅमला अशक्य आकडे दिसतात, तो अबॉर्ट ही आज्ञा चालवतो आणि जागच्या जागी मरतो. आवराआवर नाही, निरोप नाही. चुकीचा श्वास देणाऱ्यापेक्षा मेलेला बरा. मग अलार्म बोंबलतो आणि साधा राखीव पंप काम उचलतो.

अबॉर्टच्या खाली लिहिलेली ओळ कधीच चालत नाही. म्हणून आमच्यात एक खोड आहे, तिथे प्रत्येकाने मनातलं लिहायचं. माझ्या जोडीला काम करणाऱ्या टकलूने साहेबांच्या सात पिढ्या उद्धरल्यात. सध्या माझ्या टेबलावर असलेल्या यंत्राचा प्रोग्रॅम ताईचा, माझ्या सख्ख्या बहिणीचा. तिने लिहिलं होतं, "ओरडू नकोस, आलेच." जेवायला हाक मारली की मला ती हेच ऐकवायची.

आता ताई हॉस्पिटलात होती, आमच्याच यंत्रावर. स्कूटरवरून पडली ती उठलीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत काही उरलेलं नाही, दुपारी यंत्र काढू. सही भाऊजींनी करायची. आणि साहेबांनी मला त्या दिवशीसुद्धा रजा दिली नाही. वायर त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. ते जमत नव्हतं, म्हणून उपटली.

अलार्म बोंबलला. पडदा काळा झाला. मग त्यावर अक्षरं आली.

ओरडू नकोस, आलेच.

"टकल्या, हा चावटपणा तुझा?"

"आईशप्पथ नाही. आणि मेल्यावर कोण बोलतं रे?" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

यंत्रात भरलेला प्रोग्रॅम मी अक्षर न् अक्षर चाळला. ती ओळ त्यात नव्हतीच. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर न चालणाऱ्या ओळी आधीच फेकून देतो. वायर जोडली, उपटली. आलेच. पुन्हा उपटली. आलेच! माझ्या अंगात वारं शिरलं. मी हसत होतो की रडत होतो ते टकलूला विचारा. फोन लावला.

"भाऊजी, सही करू नका! ती येतेय म्हणते!"

"कोण म्हणते? काय बरळतोस?"

"मी आलो. तोवर ते पेन खाली ठेवा."

वायर लोंबत, अलार्म बोंबलत, सगळं तसंच टाकून धावलो.

वॉर्डात लख्ख ऊन होतं. फरशी पुसणं चाललं होतं, फिनेलचा वास नाकात बसत होता. ताईच्या खाटेखाली तिच्या निळ्या चपला होत्या. "उठली की अनवाणी कुठे फिरेल," म्हणून भाऊजींनीच आणून ठेवलेल्या. त्याच भाऊजींच्या हातात आता पेन होतं.

"सेन्सरची वायर क्षणभर काढतो," मी म्हणालो. "राखीव पंप आहे."

"हा तुमचा कारखाना नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"यंत्र आमचं, बहीण माझी. सरका!"

त्या पुढे आल्या. भाऊजी मध्ये उभे राहिले. "करू द्या त्याला, बाई. एकदाच."

उपटली.

अलार्म. काळा पडदा. राखीव पंपाचा उसासा.

पडद्यावर काही नाही. नियमाप्रमाणे काहीच नाही.

"ताई!" मी ओरडलो. "ये ना गं!"

खिशात फोन थरथरला. टकलू होता. त्याच्या मागे शांतता होती.

"तिथला अलार्म तू बंद केलास?" मी विचारलं.

"मी आपल्या खोलीच्या दाराबाहेर उभा आहे." त्याला धाप लागली होती. "ताईला घरी सोडलं का रे?"

"का?"

"आत्ता जिन्यावर चपला वाजल्या. तिच्याच, फटक फटक. आत गेल्या. मग अलार्म गप झाला."

ताईची छाती पंपाच्या तालावर वरखाली होत होती. भाऊजी आशेनं माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी खाली वाकलो.

खाटेखालची फरशी ओली होती. चपलांएवढ्या दोन जागा तेवढ्या कोरड्या.